तलबेची तारीफ

शेजारच्या गच्चीवर दोन दिवसांपासून एक मुलगी पाठांतर करते आहे. परीक्षा जवळ आल्या की आमच्या गल्लीत पाखरांपेक्षा पोरांचाच आवाज जास्त. ही मुलगी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आहे, असं मला आमच्या घरातून कळलं. कोणाच्या घरात काय चाललंय याची खबर आमच्या घरात असते, फक्त माझ्याकडे नसते. तर ती मुलगी येरझाऱ्या घालत म्हणत होती, “मागणीची व्याख्या. मागणीची व्याख्या. मागणी म्हणजे...” आणि अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. मी अंगणात बाजेवर पडलो होतो. मला हसू आलं, आणि हसता हसता ठसका लागला. आतून लगेच विचारणा झाली, की या वयात एकट्यानं हसायला काय झालं.

सांगत बसलो नाही. बीडच्या या नव्या वस्तीच्या पलीकडे अजून शेतं आहेत, आणि या दिवसांत तिकडून वारा सुटला की कडब्याचा वास येतो. शाळू निघालेला असतो. शाळू म्हणजे थंडीतली ज्वारी, आमच्या कोरडवाहू मुलखाचा जीव. उन्हाला धार आलेली असते, पण सावलीत बसलं की अजून पाठ गार पडते. गळ्यापाशी कणसाची कूस, म्हणजे बारीक कुसळ, उगाच टोचल्याचा भास होतो. मी शेतात पाऊल टाकल्याला वीसएक वर्षं झाली असतील, तरी दर फाल्गुनात ही कूस मला टोचते.

साठेक वर्षांपूर्वी, मी शिकत होतो तेव्हा, या दिवसांना आमच्या घरात तीन नावं होती. माय म्हणायची माघ सरला, फाल्गुन लागला. आप्पा म्हणायचे सुगी. आणि मी म्हणायचो फरवर्दी, कारण हैदराबादच्या आमच्या कॉलेजात फसली, म्हणजे निजाम सरकारचे, महिने चालायचे आणि फरवर्दी सरून उर्दिबेहिश्त लागला की परीक्षा. घरात कोणी उपासाचे दिवस मोजत होतं, कोणी पोती, आणि मी पानं. माझीच मोजणी सगळ्यांत धास्तावलेली होती.

त्या काळी आमचं गाव आष्टी मोगलाईत होतं. निजामाच्या राज्याला आमच्याकडे लहानथोर सगळे मोगलाईच म्हणत. गावाच्या पश्चिमेला काही कोसांवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तो ओलांडला की इंग्रजी मुलूख, आणि पुढं नगर. आमचं घराणं लिंगायत वाण्याचं. बाजारपेठेत आप्पांचं भुसाराचं दुकान आणि गावाबाहेर थोडं कोरडवाहू रान. आप्पा मोडी वाचत, बाळबोध वाचत, पण कचेरीतून येणारा प्रत्येक कागद उर्दूत असायचा. मग तो कागद उपरण्यात गुंडाळून आप्पा गावातल्या उर्दू जाणणाऱ्या मुन्शीजींच्या ओट्यावर जाऊन बसत. मुन्शीजी भले गृहस्थ, पण त्यांचं जेवण, झोप आणि नमाज आटोपेपर्यंत आप्पांना बसावं लागे. कागदात बहुतेक वेळा काहीच नसे. एकदा अशा ओट्यावरून उठून आले आणि मायला म्हणाले, “आपल्या घरात वाचणारा पायजे.” वाचणारा म्हणजे मी.

मी नगरला मामांकडे राहून मॅट्रिक झालो होतो, मराठी आणि इंग्रजीवर. उर्दू म्हणावी तर मुन्शीजींकडे दोन उन्हाळे गिरवलेली. तेवढ्या शिदोरीवर आप्पांनी मला हैदराबादला धाडलं. तिथं कॉलेजचं सगळं शिक्षण उर्दूतून निघालं होतं, इतिहासही उर्दूत आणि रसायनही उर्दूत. मी विषय घेतला मालियात. राज्याचा पैसा कुठून येतो, कुठं जातो, भाव का चढतात, पेढ्या कशा चालतात, याचं ते शास्त्र. आप्पांनी बाजारात सांगून टाकलं की आमचं पोरगं मालाचं शिकतंय. त्यावर समोरच्या दुकानातल्या आण्णांनी विचारलं होतं, “मालाचं शिकाया हैदराबाद कावून? माल तर तुमच्या दुकानात हाय.”  

आता पहिल्या वर्षाच्या परीक्षेत काय झालं ते सांगायला हवं. साठ वर्षं लपवून ठेवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही. पर्चा, म्हणजे परीक्षेचा पेपर, हातात पडला. पहिलाच सवाल, आणि त्याला सगळ्यांत जास्त गुण: ‘तलब और रसद की तारीफ कीजिए.’ मला हर्ष झाला. तलब मला ठाऊक होती. आमच्याकडे तंबाखूची येते ती तलब. रसद म्हणजे फौजेचा शिधा. आणि तारीफ करायची म्हणजे वाखाणायचं. मी मनात म्हटलं, प्रोफेसरसाहेब वर्षभर कठीण बोलले पण सवाल मोठ्या मनाचा काढला.

मी बाह्या सरसावल्या आणि लिहिलं. तलब बहुत अच्छी चीज़ है, अशी सुरुवात केली. तलब नसती तर माणूस सकाळी अंथरुणातून उठला नसता, असं लिहिलं. तलब माणसाला माणसाजवळ नेते, कारण तंबाखू एकाच्या चंचीत असते आणि चुना दुसऱ्याच्या डबीत, असंही लिहिलं. रसदेवर तर मी फौजाच्या फौजा चालवल्या. चार पानं भरली. बाकीच्या सवालांना वेळ उरला नाही, पण त्याची मला फिकीर नव्हती. बाहेर आलो तेव्हा उर्दूतच वाढलेल्या मुलांची तोंडं उतरलेली होती आणि मी एकटा खुशीत होतो.

निकालानंतर प्रोफेसरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. लखनौकडचे होते, बारीक अंगाचे, आवाज मऊ. माझा पर्चा त्यांच्यापुढं होता. त्यांनी ती चार पानं मला वाचून दाखवली, आणि तिसऱ्या पानावर चष्मा काढून डोळे पुसले, इतके ते हसले होते. म्हणाले, “मियाँ, आपने तो तलब का कसीदा लिख दिया.” कसीदा म्हणजे स्तुतीचं काव्य. मग त्यांनी शांतपणे समजावलं की शास्त्रात तारीफ म्हणजे वाखाणणं नव्हे, व्याख्या. एखाद्या शब्दाची हद्द आखून द्यायची, की याच्या आत तो आणि बाहेर तो नाही. आणि तलब म्हणजे बाजारातली मागणी. त्यात तीन गोष्टी लागतात: इच्छा हवी, किंमत मोजायची ताकद हवी, आणि मोजायची तयारी हवी. यातली एक नसली तर ती नुसती ख्वाहिश. हद्दीवरच्या गावातला मी, मला हे नाक्याच्या भाषेत लगेच कळलं. पण कळायला वर्षभर उशीर झाला होता. मी नापास होतो.

घरी येऊन मी आप्पांपुढं उभा राहिलो. तारीफेची गंमत मी सांगितलीच नाही, नुसतं नापास झालो म्हणालो. आप्पा बराच वेळ वजनं पुसत राहिले. मायला मात्र एकच दिसत होतं, की पोरगं वाळून काटकी झालंय. हैदराबादेत आम्हा लिंगायतांच्या पोरांच्या जेवणाचे हाल होते. मी हातानं शिजवायचो आणि बहुधा करपवायचो. माय म्हणाली, पुन्हा धाडायचं तर सुनेला बरोबर धाडा, पोटाला तरी नीट मिळेल. आप्पांनी वजनं ठेवली आणि निवाडा केला, “एक वर्स आनखी जा. पास झालास तर सुनेला घिऊन जा. न्हाई झालास तर गादीवर बस, आन पुन्हा हैदराबादचं नाव काढू नको.”

सून म्हणजे गंगा, माझी बायको. माझ्याहून वर्षानं लहान, माहेर लिंबागणेशचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि दिवसाउजेडी आम्ही एकमेकांशी बोललेली वाक्यं मी मोजून सांगू शकलो असतो. आजच्या पोरांना हे खरं वाटणार नाही. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोला हाक मारायची नाही, बायकोनं नवऱ्याकडं बघायचं नाही, हा रिवाज. रात्री दिवा मालवल्यावर कुजबुजावं तर भिंतीपलीकडं आप्पांचा खोकला. त्यामुळं आप्पांचा निवाडा झाला तेव्हा मला परीक्षा दिसली आणि गंगाला एक खोली दिसली, जिथं दिवसा बोलता येईल. तिचं सगळं त्या एका पर्च्यावर येऊन थांबलं होतं. आणि पर्चा लिहायचा होता मी, ज्यानं तंबाखूवर कसीदा लिहिला होता.

म्हणून दुसऱ्या वर्षी, परीक्षेआधीच्या सुटीत घरी आलो तो पेटी उघडून थेट माळवदावर चढलो. माळवद म्हणजे आमच्या घराचं मातीचं सपाट छप्पर. त्यावर चढलं की बाजारपेठ दिसायची, पलीकडं पेंढ्यांची बुचाडं रचलेली रानं दिसायची. आणि माळवदाच्या मधोमध, खालच्या चुलीचा धूर जावा म्हणून ठेवलेलं हातभर रुंदीचं भोक होतं. पावसाळ्यात त्यावर मडकं पालथं घालायचे, एरवी ते उघडं. मी त्या भोकाच्या बाजूला घोंगडी टाकली, तिथं शेजारच्या लिंबाची सावली यायची म्हणून. निदान सुरुवातीला तरी सावलीसाठीच.

मी मोठ्यानं पाठ करायचो. तेव्हा सगळेच मोठ्यानं करत, मनात वाचणं म्हणजे न वाचणं असा समज होता. ‘कीमत बढ़ने से तलब घटती है, कीमत घटने से तलब बढ़ती है.’ शंभरदा. धुरानं डोळे चुरचुरायचे, फोडणीनं शिंका यायच्या, आणि माझा आवाज त्या भोकातून थेट चुलीजवळ उतरायचा. चुलीजवळ गंगा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खालून तिचा आवाज आला. ती मांजरीशी बोलत होती, “मने, दुधाची रसद सपली बग. कीमत वाडली तुजी.” मी पाठ करता करता थांबलो. हातातलं पुस्तक तसंच राहिलं. मला झालेला आनंद मी त्या पुस्तकात कुठंही लिहून ठेवू शकलो नाही, नाहीतर आज दाखवला असता.

मग ते सुरूच झालं. नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही असा रिवाज होता, पण नवऱ्यानं मोठ्यानं उर्दू पाठ करू नये असा रिवाज कुठंच नव्हता. मी मालियातीच्याच चालीवर मधूनच म्हणायचो, ‘ताक की तलब, शदीद तलब,’ शदीद म्हणजे जबर, आणि थोड्या वेळानं माय धापा टाकत ताकाचा तांब्या घेऊन वर यायची. तुला तहान लागली हे सुनेला कसं कळतं कोण जाणे, म्हणायची. गंगाला कंटाळा आला की ती मुसळाला सांगायची की आज रसद लई हाय, तलब कुणालाच न्हाई. एखाद्या दिवशी खालून काहीच आलं नाही की माझं पाठांतर बिघडायचं. मग मी तीच तीच ओळ म्हणत राहायचो, खालून भांडं वाजेपर्यंत.

गंगाला आज विचारलं तर ती म्हणते, मांजर नव्हती, बोका होता. असेल. ती असंही म्हणते की मी त्या दिवसांत फार बेसूर ओरडायचो. तेही असेल.

दुपारी दुकानात आप्पांना जरा मोकळीक मिळाली की ते मला बोलावून म्हणायचे, वाच तुझं. त्यांच्यासाठी वाचणं म्हणजे तिथल्या तिथं आष्टीच्या बोलीत करून सांगणं. एकदा पुस्तकात दोन राज्यांच्या नाण्यांच्या अदलाबदलीचं प्रकरण आलं. दहा पानं. आमच्याकडं मोगलाईचा हाली रुपया चालायचा आणि नाक्यापलीकडं इंग्रजांचा कलदार, आणि दोघांत बट्टा, म्हणजे भावाचा फरक. मी घाम गाळून दहा पानं सांगितली. आप्पा ऐकून म्हणाले की हे सगळं नगरचा बाजार कोणत्या दिवशी आहे यावर असतं. बाजाराच्या आदल्या दिवशी कलदार महाग, बाजार सरला की स्वस्त. ते पुस्तकात होतंच, पण सातव्या पानावर आणि जड फारसी शब्दांत. आप्पांचा चेहरा त्या दिवशी जरा उजळला होता. मुन्शीजींच्या ओट्यावर बसून आलेला माणूस आपल्याच दुकानात पुस्तकाच्या बरोबरीनं बसला होता.

आणि मग सुगी ऐन भरात आली. खुडणीला माणसं कमी पडली म्हणून आम्ही घरचे सगळे रानात गेलो. मलाही पुस्तक बांधून ठेवावं लागलं. कापलेल्या शाळूच्या पेंढ्या ओळीनं पडलेल्या, बायका बसून कणसं खुडताहेत, धुरोळ्यानं सगळ्यांच्या पापण्या एकाच रंगाच्या झालेल्या. उशिरा पेरलेल्या एका पट्ट्यात अजून हिरवी कणसं होती, तिथं बांधाच्या आडोशाला गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. निखाऱ्यातलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि तो कोवळा हुरडा जिभेवर ठेवायचा. हात भाजायचे, पण थांबवायचं कोणाला सुचत नसे. रानात रिवाज जरा सैल पडतो. समोरासमोर बोलता येत नसलं तरी एकाच पट्ट्यात बसता येतं, आणि मधे चार बायका असल्या तरी त्यांना सांगितलेलं मला ऐकू येतं.

गंगानं त्या दिवशी बायकांना नारायणगडाच्या जत्रेची गोष्ट सांगितली. लग्नाआधी नव्हे, नंतरची, आत्याबाईंबरोबर म्हणजे मायबरोबर गेली होती तेव्हाची. कासाराच्या पालात हिरव्या चुड्याचा एक जोड होता. तो तिला फार हवा होता. माहेराहून मिळालेले पैसे पदराच्या गाठीत होते, पुरून उरले असते. पण शेजारी सासू उभी. सुनेनं आपण होऊन काही मागायचं म्हणजे काय. ती नुसती उभी राहिली, माय पुढं निघाली, तीही निघाली. बायका हळहळल्या. मग गंगानं कणीस खुडत, कोणाकडंही न बघता विचारलं, “मग ती काय म्हनायची? पैका हुता, जीव हुता. तोंड उगडलं न्हाई. ती तलब का नुस्ती ख्वाहिश?”

बायकांना वाटलं ती काहीतरी माहेरचं बोलते आहे. मी पेंढीमागं बसलो होतो. प्रोफेसरसाहेबांची ती तीन कलमं मी वर्षभर पाठ करत होतो. इच्छा, ताकद, तयारी. तिसरं कलम मला नेहमी उगाच जोडलेलं वाटायचं. ज्याला हवंय आणि ज्याच्याजवळ पैसा आहे तो घेणारच की, त्यात तयारी वेगळी कशाला? त्या दिवशी हिरव्या चुड्यानं मला ते शिकवलं. मला लाज वाटली, की हे मला माझ्या घरातलं असून ठाऊक नव्हतं. पण तिला काही सांगता आलं नाही. मी नुसता पेंढीमागून म्हणालो, “ख्वाहिश.” बायका दचकल्या. गंगा मान खाली घालून कणसं खुडत राहिली.

परीक्षेचा प्रवास नगरवरून, मनमाडला गाडी बदलून. उर्दिबेहिश्त लागला होता आणि हैदराबादेत चांगलंच तापलं होतं. पर्च्यात सवाल आला, ख्वाहिश आणि तलब यांतला फरक मिसालीसकट, म्हणजे उदाहरणासकट, लिहा. मी कासाराचं पाल लिहिलं. नाव लिहिलं नाही, जत्राही लिहिली नाही, एक औरत असं लिहिलं. एक पान पुरलं. बाकी सगळे सवाल वेळेत झाले. बाहेर आलो तेव्हा मला खुशी वगैरे काही वाटली नाही, भूक लागली होती.

निकाल उन्हाळा सरता सरता आला, जरिद्यात, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापून. कचेरीत जरिदा आला की मुन्शीजी निरोप धाडायचे, पण त्या वेळी आप्पा मला घेऊन स्वतः गेले, आणि ओट्यावर न बसता उभ्यानंच म्हणाले की वाचणारा आणलाय. मी माझंच नाव वाचलं. तिसऱ्या वर्गात पास. मुन्शीजींनी मिश्या कुरवाळल्या आणि सगळं श्रेय घेतलं. येताना आप्पांनी पेढे घेतले, वाटेत भेटेल त्याला दिले. मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. घरी आल्यावर मायनं सुनेच्या गाठोड्याचा विषय काढला. आप्पा म्हणाले की पुढच्या वर्षी बघू. लोक काय म्हणतील, पोरगं शिकाया जातंय का संसार थाटाया. घरात कामाला माणूस नको का. आणि पोटाचंच असेल तर तिथं एखादी खानावळ निघाली असेल आता. ते वाईट मनानं बोलत नव्हते हे मला तेव्हाही कळत होतं. आपला शब्द फिरतोय हे त्यांनाही कळत असावं, कारण ते मायकडं न बघता खुंटीवरच्या पगडीकडं बघून बोलत होते. मी काहीच बोललो नाही. हे मी स्पष्टच सांगतो. बाप बोलत असताना मधे पडायची मला सवय नव्हती, आणि खरं म्हणजे छाती नव्हती. शेवटी आप्पा म्हणाले, “तिची तिथं गरज काय हाय?”

स्वयंपाकघराच्या दारात गंगा उभी होती. पदर पुढं ओढलेला. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडणं म्हणजे काय, आणि त्यापायी सुना माहेरी कशा पोचवल्या जात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती हळूच, पण नीट ऐकू येईल असं बोलली, “मामंजी, त्यान्ला गरज आसंल का न्हाई, मला ठावं न्हाई. मला जायचंय. तीन वर्सं झाली लग्नाला, आन ह्यांचं बोलनं मी धुराच्या भोकातून ऐकते. मला समोर बसून ऐकायचंय.”

 मग माय म्हणाली, “खरं हाय तिचं. मी काय येडी हाय व्हय, ताक घिऊन चढायला.” आप्पांना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी पगडी घेतली, डोक्यावर ठेवली आणि दुकानात निघून गेले. दुपारभर घरात भांड्याचा आवाज झाला नाही. मी दोनदा माळवदावर चढलो आणि दोनदा उतरलो. तिन्हीसांजेला आप्पा आले, हातपाय धुतले, आणि लिंगपूजेला बसण्याआधी मायला म्हणाले की नगरला जायला गाडीवानाला सांगितलंय, दोन माणसांचं.

पुढं मी सरकारच्या खजान्यात लागलो, बदल्या झाल्या, राज्यं बदलली, हाली रुपया गेला आणि कलदारही गेला. माणसांच्या मागण्यांचे ढिगानं कागद माझ्या हाताखालून गेले. पण काही मागण्यासाठी एवढी किंमत मोजायला निघालेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. ती त्या दिवशी हरली असती तर मी तिच्या बाजूनं उभा राहिलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला अधूनमधून विचारतो. होय असं खात्रीनं म्हणवत नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

आणि ती हैदराबादची खोली. एका गल्लीच्या टोकाला, खाली तेल्याचं दुकान, वर आम्ही. पोचलो, सामान लावलं, आणि दुसऱ्या दिवशी मला सुटी होती. दुपार झाली. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं, गंगाच्या डोक्यावर पदर नव्हता, भिंतीपलीकडं कोणाचा खोकला नव्हता. ती एका बाजूला बसली, मी दुसऱ्या बाजूला. आता बोलायचं होतं. आणि आम्हा दोघांनाही बोलायला काही सुचेना. तलब, रसद, सगळे शब्द आष्टीच्या माळवदावरच राहून गेले. ती खिडकीकडं बघे, मी माझ्या नखांकडं.  दोन वर्षांत एवढी अवघड वेळ माझ्यावर पर्च्यातही आली नव्हती.

शेवटी तिनंच विचारलं, “तुमाला भाकरी कडक लागती का मऊ?”

मला हायसं वाटलं. हा सवाल मला येत होता. मी म्हणालो, मायच्या हातची असते तशी. बाहेर मऊ, कडेला जराशी कडक, आणि पापुद्रा अख्खा निघणारी. हैदराबादेत मी तिच्या आठवणीनं कितीदा अर्धपोटी उठलो, तेही सांगितलं. गंगा ऐकत होती. मग ती म्हणाली, “मी आल्यापसून आत्याबाईनी तव्याला हात लावला न्हाई.”

ती उठली आणि पिठाचा डबा काढला. मी तिच्यासमोर जाऊन बसलो. तिनं परातीत पीठ घेतलं, कढत पाणी घातलं, मळलं, आणि दोन्ही तळहातांनी थापायला लागली. हा आवाज मी माळवदावर रोज त्या भोकातून ऐकत होतो. तो हिच्या हातांचा आहे हे मला त्या दुपारी दिसलं.